"दुर्बिणीतून होईल ना?"

ऑपरेशन हा शब्द कानावर पडला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, "खर्च किती?" आणि दुसरा, "दुर्बिणीतून होईल ना?" ही दुर्बीण नक्की काय असते, कुठून घालतात, आत गेल्यावर काय करते, याची विचारणाऱ्याला फारशी कल्पना नसते. टाके कमी, दुखणं कमी, चार दिवसांत घरी, एवढं मात्र पक्कं माहीत असतं. आणि ते खरंही आहे. पण ते बहुतेक वेळा तारीख ठरवून, उपाशीपोटी, सकाळी नऊ वाजता केलेल्या ऑपरेशनबद्दल. रात्री दोन वाजता कुणी पोट धरून कळवळत आलं तर?

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न माझ्यासमोर दोनदा आला. एकदा रूममेटच्या अपेंडिक्समुळे, एकदा बाबांमुळे. दोन्ही वेळा सुरुवात दुर्बिणीने झाली. शेवट मात्र वेगवेगळा झाला. त्यानंतर जे काही वाचलं, ओळखीच्या एका सर्जनला छळून जे काही समजून घेतलं, ते या विकेंडला लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

तर आधी ही भानगड काय आहे ते बघू. बेंबीजवळ साधारण एक सेंटिमीटरचा छेद घेतात आणि त्यातून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. पोट फुग्यासारखं वर उचललं जातं आणि आत काम करायला जागा तयार होते. कार्बन डायऑक्साइडच का? कारण तो पेट घेत नाही (आत विजेच्या उपकरणाने रक्तवाहिन्या जाळून बंद करायच्या असतात, हे विसरू नका), आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. गॅसचा दाब साधारण १२ ते १५ मिलिमीटर मर्क्युरी ठेवतात. मग कॅमेरा जोडलेली नळी आत जाते आणि अजून दोन-तीन छेदांमधून लांब दांड्यांची अवजारं. सर्जन पोटाकडे न बघता मॉनिटरकडे बघून काम करतो. टेबल तिरकं करतात, म्हणजे आतडी आपोआप एका बाजूला घसरतात. अपेंडिक्ससाठी डोकं खाली, जठराच्या कामासाठी डोकं वर. गुरुत्वाकर्षणाला असिस्टंट म्हणून फुकटात वापरायची ही आयडिया मला भलतीच आवडली.

आता गंमत बघा. आपण समजतो की दुर्बीण आधी साध्या ऑपरेशनसाठी आली आणि मग इमर्जन्सीत गेली. मूळ कल्पना मात्र इमर्जन्सीचीच होती. गेऑर्ग केलिंग नावाच्या जर्मन डॉक्टरच्या डोक्यात असं होतं की पोटात आतल्या आत रक्तस्राव होत असेल तर दाबाने हवा भरून तो थांबवता येईल. त्या हवेने आत नक्की काय होतं ते बघायला म्हणून त्याने १९०१ मध्ये कुत्र्याच्या पोटात हवा भरली आणि मूत्राशय तपासायची नळी आत घालून पाहिलं. रक्त थांबवायची युक्ती बाजूलाच राहिली, "बघायची" युक्ती मात्र टिकली. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या हान्स क्रिस्टियन याकोबेउसने हे माणसांवर केल्याचं प्रसिद्ध केलं. पुढची कित्येक दशकं दुर्बीण फक्त बघायच्या कामाची राहिली.

ती हातात घेऊन कापाकापी करायला धजावला तो कुर्ट सेम. हा माणूस मला आपल्या जातकुळीतला वाटतो. आधी अवजारं बनवायचं काम शिकलेला, मग डॉक्टर झालेला, तोही स्त्रीरोगतज्ज्ञ. त्याने गॅसचा दाब आपोआप सांभाळणारं यंत्र बनवलं, आतल्या आत गाठ मारायच्या पद्धती शोधल्या आणि १९८० मध्ये कील शहरात दुर्बिणीतून पूर्ण अपेंडिक्स काढलं. टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. जर्मन सर्जन संघटनेच्या अध्यक्षांनी चक्क त्याची प्रॅक्टिस स्थगित करा अशी मागणी केली. एका गायनॅकॉलॉजिस्टने आमच्या अपेंडिक्सला हात लावायचं कारणच काय, हाही राग त्यात असणार. १९८५ मध्ये एरिख म्यूह या जर्मन सर्जनने दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. त्याचंही पुढच्या वर्षीच्या अधिवेशनात थंडंच स्वागत झालं. त्याच संघटनेने १९९२ मध्ये त्याचा सन्मान केला. सहा वर्षांत "हे काय भलतंच"पासून "आमचाच माणूस"पर्यंतचा प्रवास! कुठल्याही आर्किटेक्चर रिव्ह्यू मीटिंगला बसलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे मुंबईत. जे. जे. हॉस्पिटलमध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया १९७२ पासून निदानासाठी दुर्बीण वापरत होते. १९९० मध्ये त्यांनी तिथेच भारतातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन केलं. सरकारी हॉस्पिटलात, गोरगरीब पेशंटांच्या गर्दीत. हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण दुर्बीण म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. खरं तर रोजंदारीवरच्या माणसाला लवकर कामावर जायची गरज आपल्यापेक्षा जास्त असते. आपल्याला सिक लीव्ह असते, त्याला नसते. उडवाडिया २०२३ च्या जानेवारीत गेले.

मग इमर्जन्सीत इतकी वर्षं काय अडत होतं? कारणं साधी आणि पटण्यासारखी होती. एक, आतडी फुगलेली असतील तर गॅस भरूनही जागा होत नाही, आणि पहिलं अवजार घालतानाच आतड्याला भोक पडायची भीती. दोन, गॅसच्या दाबाने पोटातल्या मोठ्या शिरा दाबल्या जातात आणि हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. धडधाकट माणूस हे सहज सोसतो, पण ज्याचं बीपी आधीच ढासळलंय त्याच्यासाठी तेवढंच पुरेसं होऊ शकतं. तीन, पोटात पू असेल तर दाबामुळे जंतुसंसर्ग रक्तात ढकलला जाईल ही शंका. आणि चार, ज्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही ते म्हणजे रात्रीची टीम. दिवसा दुर्बिणीचा सराव असलेली सिस्टर, भूलतज्ज्ञ, कॅमेरा धरणारा असिस्टंट सगळे हजर असतात. रात्री दोनला जे असतील ते असतात.

अनुभव वाढला तशा यातल्या बऱ्याच भीती कमी झाल्या. २००६ मध्ये युरोपातल्या एंडोस्कोपिक सर्जन मंडळींच्या संघटनेने पोटाच्या इमर्जन्सीसाठी मार्गदर्शक सूचनाच काढल्या. अपेंडिक्स, सुजलेलं पित्ताशय, फुटलेला अल्सर यांचा संशय असेल तर दुर्बिणीला त्यांनी जोरदार पाठिंबा दिला. आतडं अडकलेलं असेल वगैरे बाबतीत मात्र हात राखून. पूर्वी सुजलेलं पित्ताशय औषधांनी "थंड" करून दीड महिन्याने काढायची पद्धत होती. आता शक्यतो पहिल्या काही दिवसांतच काढून टाकतात.

मला सगळ्यात पटलेला फायदा मात्र छोट्या टाक्यांचा नाही, निदानाचा आहे. तरुण मुलीच्या पोटात उजवीकडे खाली दुखतंय. अपेंडिक्स असेल, बीजकोशाला पीळ पडला असेल, गर्भनलिकेत गर्भ राहून ती फुटली असेल. जुन्या पद्धतीत अंदाज बांधून छेद घ्यायचा आणि तो चुकला तर वाढवायचा. दुर्बिणीने आधी सगळीकडे फिरून बघता येतं आणि बहुतेक वेळा त्याच भोकांतून इलाजही करता येतो. लॉग न बघता थेट कोड बदलायला घेणाऱ्या लोकांसोबत ज्यांनी काम केलंय त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायला नको.

आता रूममेट. हे प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते पुस्तकात लिहिल्यासारखं झालं. आधी बेंबीभोवती दुखलं, मग दुखणं उजवीकडे खाली सरकलं, उलट्या, बारीक ताप. पठ्ठ्याने ॲम्ब्युलन्समध्ये बसून मोबाईलवर रिसर्च केला आणि डॉक्टरांना विचारलं, "नुसत्या अँटिबायोटिक्सवर होतं ना म्हणे?" प्रश्न अगदीच बाद नव्हता. २०२० मध्ये अमेरिकेत १५५२ पेशंटांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत हेच पाहिलं गेलं. ज्यांना फक्त अँटिबायोटिक्स दिली त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्के लोकांना पहिल्या नव्वद दिवसांत ऑपरेशन लागलं नाही. पण अपेंडिक्समध्ये खडा असेल तर हिशोब बिघडतो, त्या गटातल्या ४१ टक्के लोकांना लागलं. याच्या सीटी स्कॅनमध्ये खडा होता. डॉक्टरांनी हे शांतपणे समजावलं, त्याने सही केली. तीन छोटे छेद, दोन दिवस हॉस्पिटल, सहाव्या दिवशी लॅपटॉप उघडून बसला. तक्रार फक्त उजव्या खांद्याची. पोटाचं ऑपरेशन आणि खांदा का दुखतोय म्हणून घाबरला होता. उरलेल्या गॅसने पोटाच्या वरचा पडदा, म्हणजे डायफ्राम, चुरचुरतो आणि त्याची नस मानेतून येत असल्याने मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. चक्क चुकीच्या मॉड्यूलच्या नावाने एरर मेसेज :)

बाबांचं तसं झालं नाही.

बाबा साठीचे, साताऱ्यात असतात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून गोळ्या आणून खायची सवय, तीही बऱ्याचदा रिकाम्या पोटी. दुपारी अचानक पोटात कुणीतरी सुरी खुपसावी तसं दुखलं. घरातल्या सगळ्यांनी ॲसिडिटीच धरली. ओवा झाला, जेलुसिल झालं, शेकून झालं. मध्ये तासभर बरंही वाटलं म्हणे. रात्री पोट लाकडासारखं कडक झालं तेव्हा काकांनी त्यांना हॉस्पिटलात नेलं आणि मला फोन केला. मी पुण्याहून निघून पोचलो तेव्हा पहाटेचे दोन वाजत होते. उभा राहून काढलेला एक्स-रे डॉक्टरांनी दिव्यासमोर धरला आणि यकृताच्या वरची काळी चंद्रकोर दाखवली. ती हवा होती. जठर-आतड्याच्या आत असायला हवी ती हवा बाहेर, डायफ्रामखाली. म्हणजे कुठेतरी भोक पडलंय. बहुधा अल्सर फुटलाय.

काकांनी लगेच विचारलं, "दुर्बिणीतून होईल ना?"

सर्जन बाई चाळिशीच्या असाव्यात. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आधी विचारलं दुखायला कधी लागलं. मग सांगितलं, "बारा तास होऊन गेलेत, पण बीपी अजून धरून आहे. मी दुर्बिणीने सुरुवात करते. भोक छोटं असलं, नीट शिवता आलं, पोट नीट धुता आलं, तर तसंच पूर्ण करू. नाहीतर उघडेन. तेव्हा बाहेर येऊन तुमची परवानगी विचारत बसणार नाही, आत्ताच दोन्हीवर सही करा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि उघडलं म्हणजे काही बिघडलं असं समजू नका."

मी सही केली. हात थरथरत होता हे सांगायला हरकत नाही. रोलबॅक प्लॅनवर मी आजवर शेकड्याने सह्या केल्यात, पण त्यातल्या एकाही सर्व्हरला मी बाबा म्हणत नाही.

या ऑपरेशनमध्ये करायचं काय असतं ते नंतर समजलं. भोक सापडवायचं, आतड्यांवर पदरासारखी पसरलेली चरबीची चादर असते तिचा एक तुकडा ओढून त्या भोकावर बसवायचा आणि टाक्यांनी धरून ठेवायचा. ठिगळच. टोरोंटोच्या रॉस्को ग्रॅहम या सर्जनने १९३७ मध्ये ही पद्धत मांडली आणि आजही ती चालते. आणि मग कित्येक लिटर कोमट सलाइनने पोट धुऊन काढायचं. दुर्बिणीतून हे सगळं करता येतं, रोज केलं जातं. पण सर्जन निवड करताना प्रामुख्याने तीन गोष्टी बघतात: चोवीस तासांच्या वर वेळ गेलाय का, पेशंट शॉकमध्ये आहे का, आणि हृदय-फुप्फुसाचा मोठा आजार आहे का. बाबांच्या बाबतीत तिन्हीची उत्तरं "नाही" होती, म्हणून दुर्बिणीने सुरुवात. आत गेल्यावर दिसलं ते वेगळंच. भोक सेंटिमीटरपेक्षा मोठं, कडा इतक्या नाजूक की टाका घातला की फाटतायत, आतड्यांच्या वळ्यांमध्ये दुपारच्या जेवणाचे कण. त्यात गॅस भरल्यावर बीपी उतरायला लागलं. पंचवीसेक मिनिटांत त्यांनी गॅस सोडला आणि पोट उघडलं.

सिस्टर बाहेर येऊन "ओपन करतायत" एवढंच सांगून गेली. त्यानंतरचे दोन तास मला नीटसे आठवत नाहीत. हॉस्पिटलच्या पॅसेजमधल्या घड्याळाचा सेकंदकाटा अडखळत चालायचा, तेवढं आठवतंय.

बाबा वाचले. नऊ दिवस हॉस्पिटल, नाकात नळी, पोटात ड्रेन, जखमेत थोडा पू झाला म्हणून घरी आल्यावर दोन आठवडे ड्रेसिंग. उघड्या ऑपरेशनची ही किंमत असते आणि दुर्बीण नेमकी हीच कमी करते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे दुर्बिणीचा फायदा खोटा नाहीच. पण नातेवाईक भेटायला यायला लागले तसा सूर वेगळाच निघाला. "दुर्बिणीतून करतो म्हणाले आणि फाडलं?" "बाईंना जमलं नसेल." "बिलात दुर्बिणीचेही पैसे लावलेत, आता बोला!" आत्याने तर थेट सांगितलं, "अरे, पुण्याला न्यायला पाहिजे होतं." इन्शुरन्सवाल्यांनी पण प्रश्न काढलाच: मंजुरी दुर्बिणीच्या ऑपरेशनला, डिस्चार्ज कार्डावर उघडं ऑपरेशन, स्पष्टीकरण द्या.

पुण्याला न्यायचं म्हणजे अजून अडीच-तीन तास. डेन्मार्कमध्ये फुटलेल्या अल्सरच्या २६६८ पेशंटांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ॲडमिट झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत वाया जाणाऱ्या प्रत्येक तासाला जगण्याची शक्यता आधीच्या तासाच्या तुलनेत सुमारे २.४ टक्क्यांनी घटते, असं त्यात दिसलं. हे मी आत्याला सांगितलं नाही. तिला म्हटलं, "आत्या, तिथल्या तिथे सगळं झालं हे बरं झालं." आकडेवारी आत्याच्या कामाची नव्हती, माझ्या कामाची होती. नंतर अनेक रात्री मी ती मनात घोळवलीय.

"जमलं नाही" या शब्दावर मात्र मी भांडलो. सर्जन बाईंनी डिस्चार्जच्या आधी मला आतलं रेकॉर्डिंग दाखवलं होतं. त्या पंचवीस मिनिटांत नक्की काय फाटलंय, कुठे फाटलंय ते कळलं. त्यामुळे छेद बेंबीच्या वरच्या भागात, लागेल तेवढाच घेता आला, नाहीतर शोधाशोध करत वरपासून खालपर्यंत घ्यावा लागला असता. म्हणजे दुर्बिणीचे पैसे वाया गेले नव्हते. आणि दुसरं म्हणजे, समोर कॅमेरा चालू आहे, नातेवाईक बाहेर "दुर्बीण, दुर्बीण" करतायत, आपलं कौशल्य पणाला लागलंय, अशा वेळी "बास, आता उघडते" म्हणायला जे लागतं ते सगळ्यांकडे नसतं. आमच्या धंद्यात रात्री तीन वाजता "अजून दहा मिनिटं द्या, होईल" म्हणत पहाट करणारे भरपूर पाहिलेत. वेळेत मागे फिरणारे कमी. आणि मागे फिरल्याबद्दल त्यांचं अप्रेझलमध्ये कौतुक झालेलंही फारसं पाहिलं नाही.

उलट नातेवाईकांच्या या बोलण्याचा धोका मला जास्त वाटतो. "उघडलं म्हणजे हरला" असं आपणच म्हणत राहिलो, तर पुढचा सर्जन आपल्याच माणसाच्या पोटात दहा मिनिटं जास्त रेंगाळेल. ती दहा मिनिटं आपल्याच खात्यावर पडतील.

असो. भाषण झालं. थोडं कामाचं सांगतो. पोटात अचानक जोरात दुखलं, पोट कडक लागायला लागलं, किंवा दुखणं जागा बदलून एका ठिकाणी बसलं, तर ओव्याचा प्रयोग लांबवू नका. डॉक्टर बघेपर्यंत खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यायची वेळ आली तर रिकामं पोट लागतं. दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा, हा प्रश्न पहिला येतो. घरातलं कुणी वेदनाशामक गोळ्या महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेत असेल तर त्यांना डॉक्टरकडे न्या. बाबांच्या गोळ्या बंद झाल्या, अल्सरला कारण ठरणाऱ्या जंतूची तपासणी आणि औषधाचा कोर्सही झाला. गुडघ्यांसाठी आता व्यायाम आणि शिव्या, दोन्ही चालू आहेत.

आणि त्या ठरलेल्या प्रश्नाचं म्हणाल, तर विचारा जरूर. फक्त त्याच्याआधी अजून दोन विचारा. "तुम्ही हे ऑपरेशन नेहमी करता का, रात्रीसुद्धा?" आणि "अर्ध्यात थांबायची वेळ आली तर काय करणार?" दुसऱ्याचं उत्तर जर न अडखळता मिळालं, तर डोळे मिटून सही करा.